पायातल्या चपला कसल्या रंगाच्या?

एक प्रश्न विचारून मी आमच्या शेजारच्या काकांचा चार पिढ्यांचा मान घालवायला निघालो होतो, आणि तोही परीक्षेतल्या वीस गुणांसाठी. माणूस रागाने बांध सरकवतो, दारूच्या भरात शिव्या देतो, फार तर कोर्टात खोटी साक्ष देतो. मी मात्र हे शांत डोक्याने, पट्टीने रेघा मारलेल्या तक्त्यात, शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं. म्हणून ते इतकं पक्कं झालं.

आधी माझी ओळख. तालुक्याच्या गावी एका शाळेत मी क्लार्क आहे. गावात मात्र मला क्लार्क म्हणून कोणी ओळखत नाही; थापाड्या म्हणून ओळखतात, आणि त्यात माझी कमाई मोठी आहे. मी एकदा गळाला लागलेल्या सुरमईची गोष्ट सांगितली होती. तिचं तोंड मिठबावला होतं तेव्हा शेपटी कुणकेश्वरला पायऱ्यांवर आपटत होती आणि दर्शनाच्या रांगेतली माणसं भिजत होती. लोक पोट धरून हसले आणि वर म्हणाले, "ह्येच्या बोलण्याचा अर्धा सोडूचा, आणि उरलेल्यातला अर्धा इसराचा." ही म्हण आता आमच्या वाडीत माझ्या नावाशिवायही चालते.

तर छत्तिसाव्या वर्षी मला वाटलं, इतका मोठा कलाकार, आपल्या कलेचं शास्त्र नको का शिकायला? म्हणून मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. रविवारचे वर्ग, तालुक्याच्या कॉलेजात, अकरा विद्यार्थी आणि एक पंखा. तो पंखाही आमच्याकडे न बघता फळ्याला वारा घालायचा. दुसऱ्या वर्षाला बोधनिक मानसशास्त्र हा पेपर लागला. म्हणजे माणूस बघतो कसा, लक्ष कसं देतो, आठवतो कसा, विसरतो कसा. शिकवायला एक मॅडम होत्या, दोडामार्गाकडच्या. दोन एसट्या बदलून यायच्या आणि बोलायच्या इतक्या हळू, की शेवटच्या बाकावरचा माणूस घाबरून पुढे येऊन बसे.

पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला पंधरा शब्द वाचून दाखवले. नारळ, करवंटी, सोडण, खोवणं, किस, वाटण, असे एकामागून एक. मग म्हणाल्या, आठवतील ते लिहा. मी सगळ्यांत आधी ‘खोबरं’ लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. मॅडमनी विचारलं, "खोबरं कोणाकोणाला ऐकू आलं?" नऊ हात वर. माझा सगळ्यांत उंच.

"मी तो शब्द उच्चारलाच नाही," त्या म्हणाल्या.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, तुमच्या आवाजात ऐकलंय. तुम्ही ‘किस’नंतर थोडं खोकलात आणि मग ‘खोबरं’ म्हणालात." खोकल्यासकट आठवत होतं मला! मॅडमनी यादी माझ्या हातात दिली. खोबरं नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना एसटीत मी गप्प होतो, आणि कंडक्टरने दोनदा विचारलं बरं नाही का म्हणून. आयुष्यभर मी थापा मारल्या, पण मारताना मला ठाऊक असे की ही थाप आहे. इथे मी देवाशपथ खोटं बोललो होतो आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. हे म्हणजे आपल्याच घरात दुसरा थापाड्या राहतो, तोही भाडं न देता.

मग प्रात्यक्षिक आलं. मॅडम म्हणाल्या, गावात सगळ्यांनी पाहिलेली एखादी खरी घटना घ्या. वीस माणसं निवडा, दहा-दहांचे दोन गट करा. दोन्हींना तेच प्रश्न, फक्त एक प्रश्न वेगळा. दुसऱ्या गटाच्या त्या प्रश्नात एक न घडलेली गोष्ट घडली असं गृहीत धरून घाला. आठवड्याने जाऊन बघा, ती गोष्ट किती जणांना ‘आठवते’. आणि मग त्यांनी बोट वर केलं. "त्याच दिवशी प्रत्येकाला उलगडा करायचा. हे मी घातलं होतं, हे घडलं नव्हतं, असं स्पष्ट सांगायचं. ते झाल्याशिवाय प्रयोग संपत नाही." हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. तीन वेळा म्हणजे तीन वेळाच. इथे मी वाढवत नाही.

घटना माझ्याकडे तयार होती. शिवरात्रीनंतरच्या अमावास्येला आमचा ग्रामदेव समुद्रस्नानाला जातो. सकाळी पालखी देवळातून निघते, माडांतून खाली उतरते आणि वाळूवरून थेट पाण्यापर्यंत जाते. पालखीचा पुढचा दांडा शेजारच्या काकांच्या घराण्याचा. त्यांच्या पणज्यापासून तो मान चालत आलाय. काका म्हणजे भात आणि काजू करणारा, दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलणारा माणूस. मात्र आदल्या संध्याकाळपासून ते उपास धरतात, पायातल्या चपला काढून ठेवतात, आणि त्या दिवशी काकीसुद्धा त्यांना ‘अहो, ऐकलंत का’ म्हणत नाही, जरा लांबून खोकते.

त्या वर्षी पाण्याजवळ ओल्या वाळूत पुढचा दांडा एकदम खाली गेला. पालखी कलली. छत्राची झालर लाटेला लागली. अख्ख्या गावाने एकाच वेळी श्वास घेतला, इतका की भरतीचं पाणी हातभर मागे हटलं असावं. काकांनी गुडघा टेकला आणि खांदा मात्र सोडला नाही. पालखी पुन्हा सरळ झाली. सगळं मिळून पाच-सहा श्वासांचं काम.

हीच घटना मी घेतली. आणि न घडलेली गोष्ट कुठली घालावी? मी विचार केला, शास्त्राला शोभेल अशी अशक्य पाहिजे. आमच्याकडे पालखीच्या दांड्याखाली चपला म्हणजे बांगडा माडावर चढल्यासारखं. म्हणून मी दुसऱ्या गटासाठी प्रश्न लिहिला: ‘पुढच्या मानकऱ्याच्या पायातल्या चपला कसल्या रंगाच्या होत्या?’ आणि त्याच्यापुढे जर्नलमध्ये नोंद केली: ‘चपला नव्हत्या. मी स्वतः हजर होतो.’ मॅडमनी त्या पानावर तारखेसह सही केली.

पहिल्या दिवशी लोकांनी सरळ उत्तरं दिली. "चपला? लक्ष नाय गेला रे." "रंग कोण बघता, माका देव दिसत होतो." निवृत्त गुरुजी म्हणाले, "प्रश्न नीट वाच, पुन्हा." मी पुन्हा वाचला आणि ते विचारात पडले. चहाच्या टपरीवाल्याने तर प्रश्न संपायच्या आत "व्हय" म्हटलं. मी म्हटलं, "अरे, होय-नाय असा प्रश्न नाय, रंग सांग." तो म्हणाला, "मेल्या, तू लिव. मी व्हय म्हटलंय ना?"

याचं कारण बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे देवस्थानातला पहिला मानकरी, उभा राहून गावाच्या वतीने देवाशी बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक ओळीमागे सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आजारपण सांगो, लग्न सांगो, बोअरिंगला पाणी न लागणं सांगो, गाव म्हणतो व्हय म्हाराजा. आईच्या कडेवर असल्यापासून आम्ही हे म्हणतो. कोणी गंभीर आवाजात, हातात कागद धरून काही बोललं, की आमची मान आपोआप हलते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्याच गावचा.

आठवड्याने पुन्हा गेलो. आणि काय सांगू! दहांतल्या सात जणांनी चपला बघितल्या होत्या. टपरीवाला म्हणाला, "निळे पट्टे. उजव्या पायाचो अंगठो भायर इललो." गुरुजी म्हणाले, "काळ्या. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे बरं नव्हे." भाजीवाली वयनी म्हणाली, "माका तर वाळूत उठलेले चपलांचे ठसेय दिसले हां!" मी भराभरा लिहीत होतो. जर्नलचं पान असं भरत होतं की मला मॅडमचा चेहरा दिसायला लागला, टाळ्या ऐकू यायला लागल्या.

आणि उलगडा?

केला नाही. खरं तेच लिहितो. त्या संध्याकाळी टपरीवर मी त्यांचीच उत्तरं त्यांना ऐकवत बसलो होतो, आणि माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. थापाड्याला इतके श्रोते मिळाल्यावर ‘हे सगळं खोटं होतं’ म्हणून कोण उठेल? म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी शाळेचं काम निघालं.

मार्चच्या अखेरीला आठ दिवस असं ऊन पडलं की कैरीने देठ सोडले. बागांत झाडांखाली हिरवा सडा. सगळ्यांची तोंडं उतरली. अशा वेळी आमच्याकडे कोणी हवामानाला दोष देत नाही. हवामान कुणाच्या ओळखीचं नाही. गावाच्या ग्रुपवर मुंबईहून कोणीतरी लिहिलं, ‘यंदा पालखी कलली होती ना?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘ती उगाच नाही कलली.’ तिसऱ्याने चपलेचं चित्र टाकलं. तेवढं एक चित्र. त्यानंतर त्या दिवशी ग्रुपवर कोणी सुप्रभातसुद्धा म्हटलं नाही.

मी चहाला गेलो तेव्हा टपरीवाला भांडं विसळत म्हणाला, "सोमवारी सकाळी देवळात गाऱ्हाणा आसा. काकाचो मान काढतले."

मी पेला बाकावर ठेवला. "कित्याक?"

"कित्याक म्हणजे? चपला घालून पालखी धरल्यान. तूच नाय विचारीत फिरत होतंस?"

"अरे, ता मी प्रश्नात घातलेला! प्रयोग होतो तो. चपला नव्हतेच."

टपरीवाला हसला. बाकावरचे चौघे हसले. एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली. "बरो आसस रे तू. शेजाऱ्याक वाचवूक काय पण सांगशीत."

"देवाशपथ सांगतंय!"

"सुरमईच्या येळाक पण देवाचीच शपथ घेतली होतंस."

मी जितका ओरडलो तितके ते हसले. शेवटी मी बाकावर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी चहा मागवला, म्हणजे गोष्ट लांबणार असं समजून.

घरी येऊन मोबाइल उघडला. पालखीचे व्हिडिओ गावात किती असतील? तोंडात आलं म्हणून सांगतो, सत्तेचाळीस. सगळे बघितले. एकातही पाय नाहीत! आमचे लोक मोबाइल देवाच्या तोंडाकडे धरतात, आणि पालखी कलली त्या क्षणी तर सगळ्यांनी मोबाइल खिशात घालून हात जोडले होते. एका व्हिडिओत गुडघ्यापर्यंत दिसत होतं, खाली फेस.

मॅडमना फोन लावला. त्या एसटीत होत्या. मी सगळं सांगितलं.

"उलगडा केलात ना?" त्यांनी विचारलं.

"राहिला, मॅडम," मी म्हटलं.

"कोणाची उत्तरं दाखवायची नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज तसाच हळू, पण माझ्या कानशिलाला गरम लागला. "त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून संमतीपत्रावर सही केली आहे. तुमचं पान दाखवा. माझी सही आहे त्यावर. आणि आधी त्या काकांकडे जा. आत्ता."

काकांच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या त्या कौलारू खोपीत, ते काजूच्या बिया वाळत घालत होते. अनवाणी. काकी दारात बसली होती, ती मला बघून आत गेली. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. पहिला प्रश्न, दुसरा गट, सात जण, सगळं.

काका बिया पसरत राहिले. मग म्हणाले, "असतीत रे घातलेले."

"काका, काय बोलताव? तुमी आदल्या दिवसापासून चपला काढून ठेवतात."

"ठेवतंय. दर वर्षी ठेवतंय. पण ह्या वर्षी ठेवलेलंय काय? रेव तापलेली. म्हातारो झालंय. येवढी माणसां सांगतत तर इसारलो असतलंय." त्यांनी हात थांबवला. "काल निजलंय तर माका दिसले. काळे. पट्टो वायच तुटलेलो."

मी गावाला फसवलं होतं, ते मला समजत होतं. पण ज्याच्या पायात चपला नव्हत्या त्याच्याच डोळ्यांपुढे मी तुटका पट्टा नेऊन ठेवला होता. सोमवारी गावकार विचारणार, तेव्हा हा माणूस स्वतःच म्हणणार: व्हय म्हाराजा.

आतून काकी म्हणाली, "तेंका जेवण जाणा नाय. तुझ्या कोर्साक सांग."

सोमवारी सकाळी देऊळ भरलं होतं. पुरुष सभामंडपात, बायका बाहेरच्या ओट्यावर. काका खांबाला टेकून उभे. मी जर्नल छातीशी धरलेलं, परीक्षेच्या दिवशी धरतात तसं. मी गावकारांना आधी गाठायचा प्रयत्न केला होता, ते म्हणाले, "जा काय सांगूचा ता देवापुढे सांग." आणि ते उभे राहिले, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी ही लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

माझंही तोंड उघडलं. सवय! मी दात घट्ट मिटले. गावकार पुढे सरकत होते: यंदाचं स्नान, ओली वाळू, कललेली पालखी. प्रत्येक ओळीला देऊळ घुमत होतं. मला माहीत होतं, आता चौथी-पाचवी ओळ, की झालं. गाऱ्हाण्यात एकदा गेलेली गोष्ट परत निघत नाही; ती देवाला सांगून झालेली असते. खांबाकडे बघितलं. काकांचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते.

"आणि तुझ्या पालखीखाली, तुझ्या मानकऱ्यान पायात..."

"नाय म्हाराजा!"

तो आवाज माझा होता. गाऱ्हाण्याच्या मध्ये ‘नाय’ म्हटल्याचं आमच्या देवळाने कधी ऐकलं नसावं. घंटेवरची पाल खाली पडली. (पाल मी वाढवली. बाकी घडलं तसंच आहे.)

गावकार वळले. "कोण रे तो?"

"मी."

"मेल्या, ही टपरी नाय. देवाच्या दारात उभो आसस."

"म्हणानच बोलतंय." मी पान उघडलं आणि वाचलं. प्रश्न, त्यापुढची नोंद, सही, तारीख. चपला हा शब्द गावात कोणी उच्चारायच्या आधीची तारीख. कागद गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत वाचलं.

"तारीख आधीची आहे," ते म्हणाले. आणि मग, मान हलवत, "पण मी पाहिल्या ना! काळ्या होत्या."

"काळे खंयचे, गुरुजी? निळे पट्टे!" टपरीवाला.

"कागद तुझो, डोळे आमचे," मागून कोणीतरी म्हणालं. त्यावर पाच-सहा जण हो हो करू लागले. कागद हरत होता. मी जन्मात पहिल्यांदा पुराव्यासकट खरं बोललो होतो आणि ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं.

गावकारांनी हात वर केला. हा माणूस शिकलेला सातवीपर्यंत, पण गाऱ्हाणी घालून घालून त्याला माणसांचा आवाज ओळखता येतो. ते म्हणाले, "ज्येणा ज्येणा बघल्यान, त्येणा एकेकान येवन माझ्या कानात रंग सांगा. मोठ्यान बोलाचा नाय."

एकेक जण गेला. टपरीवाला, गुरुजी, ओट्यावरून भाजीवाली वयनी, आणखी कोण कोण; माझ्या सातांपेक्षा जास्त निघाले. गावकार ऐकत होते आणि बोटं मिटत होते. संपल्यावर ते बोटांकडे बघत राहिले.

"निळे. काळे. तपकिरी. लाल पट्ट्याचे. एक म्हणता बूट," ते म्हणाले. "दोन पायांक पाच जोड. ह्यो मानकरी की गोम?"

देऊळ फुटलं हसून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो असतो, पण मला माहीत होतं पुढे काय. आणि तेच झालं. हसू ओसरल्यावर गावकार खांबाकडे वळले. "तुमी सांगा. तुमच्या पायात काय होता?"

काका पुढे आले. सगळे थांबले. काका देवाकडे बघत म्हणाले, "माका काळे आठवतत. पट्टो तुटलेलो."

ओट्यावर काकीने दोन्ही हात तोंडावर धरले. टपरीवाल्याची मान खाली गेली. का कोण जाणे, पण आधी त्याचीच गेली.

गावकार काकांकडे बघत होते. मग हळूच माझ्याकडे वळले. "ह्या तुझ्या कोर्सान केल्यान?"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. गावकारांनी काकांच्या खांद्यावर, दांडा बसतो त्याच ठिकाणी, हात ठेवला आणि तसाच ठेवून देवाकडे तोंड केलं. गाऱ्हाणं परत पहिल्यापासून सुरू केलं. पण पाचव्या ओळीत चपला नव्हत्या. "बा देवा म्हाराजा, आमी जा बघूक नाय ता बघलां म्हणान सांगलां, तेची क्षमा कर. मान जंय आसा थंयच ऱ्हवांदे." गाव एका दमात म्हणाला व्हय म्हाराजा. मला वाटतं, त्या क्षणी ज्यांनी चपला बघितल्या होत्या त्यांनीही तेवढ्याच जोरात म्हटलं, आणि आतून त्यांना त्या अजून दिसत होत्या.

मॅडमनी प्रात्यक्षिक बाद केलं. म्हणाल्या, "निकाल उत्तम आहे, म्हणूनच बाद." मग मला वीस घरं फिरून उलगडा करायला लावला, आणि प्रत्येकाची सही आणायला. कुठे चहा मिळाला, कुठे शिव्या. टपरीवाल्याने सही केली आणि खाली कंसात लिहिलं, ‘निळे’. गुरुजींनी सही केली नाही. आठवड्याने स्वतःहून येऊन करून गेले. त्यानंतर मी दुसरा प्रयोग केला, आकडे उलटे म्हणण्याचा. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. पास झालो.

यादीत नाव नसूनही मी शेवटी काकांकडे गेलो. पायरीवर बसलो. कागद पुढे केला, ते पान. त्यांनी वाचलं आणि परत दिलं.

"ह्या कागदात आसा ता कळला," ते म्हणाले. "पण तू थंय होतंस. तुका काय आठवता? कागद बघू नको. सांग."

मी डोळे मिटले. फेस आठवला, झालर आठवली, टेकलेला गुडघा आठवला. खाली नजर नेली आणि तिथे काळा पट्टा होता. तुटलेला. इतका स्पष्ट, की त्याचा दोरा लोंबत होता.

मी डोळे उघडले. जन्मभर मला थाप सुचायला अर्धा क्षण पुरे व्हायचा. त्या दिवशी किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी जे होतं ते सांगितलं. "माकाय दिसतत, काका. पण त्ये नव्हते."

काकांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता उठून आत जाणार. मग म्हणाले, "पुढच्या वर्साक माझ्या मागसून चल. दुसऱ्या कोणाक सांगू नको. देवाकडे बघू नको, माझे पाय बघीत ऱ्हव. आणि पाण्याकडसून भायर इलंस काय थंयच लिवन काढ."

यंदा देव समुद्रावर गेले तेव्हा मी काकांच्या मागे दोन हात अंतरावर चाललो. गाव म्हणाला, थापाड्याला भक्ती आली. देव कसा दिसत होता ते मला सांगता येणार नाही. डाव्या टाचेला तीन भेगा, मधली खोल. उजव्या करंगळीचं नख काळं. वाळू चिकटून घोट्यापर्यंत वर आलेली, आणि पाण्यात पाऊल टाकण्याआधी काका क्षणभर थांबले, पाय उचलून तळवा मागे वळवला, मला दिसेल असा.